खाड्याच्या पैशांवरून फुटलेला खेळ

‘ज्यांनी घडवलं त्यांना सोडून चाललास?’ पुण्यात हा प्रश्न कबड्डीमुळे घरोघरी पोहोचला आहे. 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली, लिलाव आला आणि मंडळाच्या मैदानावर खांद्याला खांदा लावून खेळलेली पोरं दोन वेगवेगळ्या रंगांच्या जर्सीत समोरासमोर उभी राहिली. जून 2025 मध्ये रग्बीही त्याच वळणावर आली. मुंबईत अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली. पुण्याचा संघ त्यात नव्हता. त्यामुळे इथून जो कोणी या लीगमध्ये खेळायचं म्हणेल, त्याला परक्या शहराचं नाव छातीवर घ्यावं लागणार. क्लबांत यावरून कुरबुर होणं साहजिक आहे. पण रग्बीत ही कुरबुर सव्वाशे वर्षांहून जुनी आहे आणि तिचं मूळ मजुरीत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशायर आणि लँकेशायरमध्ये, रग्बी खेळणारे बरेच जण खाणीत नाहीतर गिरणीत कामाला होते. शनिवारी अर्धा दिवस काम असायचं. सामन्याला दूर जायचं तर तेवढा खाडा पडायचा आणि मजुरी कापली जायची. या बुडालेल्या मजुरीची भरपाई क्लबांना देऊ द्या, एवढीच उत्तरेची मागणी होती. इंग्लंडच्या रग्बी संघटनेच्या 1893 च्या सभेत ती 282 विरुद्ध 136 मतांनी फेटाळली गेली. ‘खेळ खेळासाठी, पैशासाठी नव्हे’ असं म्हणणाऱ्यांत सुखवस्तू घरांतले, महागड्या शाळांत शिकलेले लोक पुढे होते. शनिवारी त्यांच्या घरची चूल बंद पडणार नव्हती. निष्ठेचा हा आग्रह मला आजही अन्यायाचा वाटतो, कारण तिची किंमत एकाच बाजूने मोजायची होती.

29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतले क्लब जमले आणि त्यांनी वेगळी संघटना काढली. वीसहून अधिक क्लब तिच्यात गेले. खाड्याची भरपाई सुरू झाली, पुढे उघड मानधनही आलं. नियम बदलत गेले, 1906 मध्ये एका बाजूचे खेळाडू पंधरावरून तेरावर आले आणि रग्बी लीग हा स्वतंत्र खेळ उभा राहिला. मूळ पंधरा जणांच्या खेळाला, म्हणजे रग्बी युनियनला, ही फूट फार लागली. जो खेळाडू पैसे घेऊन लीगकडे जाईल त्याला युनियनची दारं कायमची बंद. वेल्समध्ये याची झळ सर्वांत जास्त बसली. जोनाथन डेव्हिस हा वेल्सचा लाडका खेळाडू 1989 मध्ये विडनेस या लीग क्लबकडे गेला तेव्हा देशाच्या जर्सीवर पाणी सोडूनच गेला. संसार चालवायचा की मातीशी इमान राखायचं, यातलं एकच निवडा, असं कुठल्याही माणसाला सांगू नये. तिथे पिढ्यान् पिढ्या तेच सांगितलं गेलं.

शेवटी तट कोसळला तो टीव्हीच्या पैशाने. 1995 च्या रग्बी युनियन विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या संघटनांनी माध्यमसम्राट रूपर्ट मरडॉक यांच्या कंपनीशी दहा वर्षांचा 55.5 कोटी डॉलरचा करार जाहीर केला. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियाचे टीव्ही उद्योजक केरी पॅकर यांच्या पाठबळावर उभी राहणारी दुसरी मंडळी थेट खेळाडूंनाच करारबद्ध करू पाहत होती. मोठमोठे खेळाडू तिकडे झुकले होते आणि बरीच ओढाताण झाल्यावर आपापल्या संघटनांकडे परतले. 26 ऑगस्ट 1995 रोजी पॅरिसमध्ये युनियनने मानधनावरची बंदी उठवली. हडर्सफील्डच्या त्या सभेला शंभर वर्षं व्हायला तीन दिवस कमी होते. डेव्हिस त्याच वर्षी कार्डिफकडून पुन्हा युनियन खेळू लागला.

बंदी उठल्यावरही पेच संपला नाही, त्याची जागा तेवढी बदलली. 2008 मध्ये न्यूझीलंडचा सनी बिल विल्यम्स सिडनीच्या बुलडॉग्ज या लीग क्लबशी असलेला करार अर्धवट टाकून फ्रान्सच्या तूलाँ या युनियन क्लबकडे गेला. दिलेला शब्द मोडल्याबद्दल त्याच्यावर झालेली टीका मला रास्त वाटते. उलट न्यूझीलंडचा कर्णधार रिची मॅकॉ याने 148 कसोट्या, म्हणजे रग्बीतले आंतरराष्ट्रीय सामने, खेळताना क्रुसेडर्स हा तिथला आपला संघ कधी सोडला नाही. मात्र 2013 मध्ये न्यूझीलंडच्या संघटनेने त्याला काही महिन्यांची सुट्टी दिली होती, हे त्याचे गोडवे गाताना विसरलं जातं. संघाने खेळाडूच्या दमलेल्या शरीराचा विचार केला, म्हणून खेळाडूही राहिला. ऑस्ट्रेलियाने 2015 मध्ये साठ कसोट्या आणि देशात सात वर्षं खेळलेल्यांना परदेशी क्लबकडून खेळतानाही राष्ट्रीय संघात येण्याची वाट मोकळी केली, त्यामागेही हीच समज होती.

आपल्याकडे रग्बीत निष्ठा होती, पैसा नव्हता. भारतीय महिलांनी 2019 मध्ये मनिला इथे सिंगापूरला 21–19 असं हरवून पंधरा जणींच्या रग्बीतला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. त्या संघाची कर्णधार वाहबिज भरुचा आपल्या पुण्याची, व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. पोटापाण्याचं काम एकीकडे आणि देशाची जर्सी दुसरीकडे, असा हा खेळ इथे जगला. शिबिरासाठी रजा मागायची आणि ती बिनपगारी निघाली तर सोसायची. यॉर्कशायरच्या खाणकामगाराचा खाडा याहून वेगळा नव्हता.

म्हणून प्रीमियर लीगमध्ये निवड झालेल्या मुलाला किंवा मुलीला क्लबातल्या ज्येष्ठांनी अडवू नये, असं मला कळकळीने वाटतं. रग्बीत उमेदीची वर्षं थोडी असतात आणि एखादा गुडघा ती आणखी कमी करतो. क्लबाचाही हक्क आहे, पण तो लीगकडून मागायला हवा. तरुण खेळाडू पहिल्यांदा व्यावसायिक करारावर जातो तेव्हा त्याला घडवणाऱ्यांना भरपाई मिळावी, अशी तरतूद जागतिक रग्बीच्या नियमांत आहे. भारतीय लीगनेही शाळकरी पोरांच्या हाती पहिल्यांदा चेंडू देणाऱ्या क्लबांना, मग ते पुण्यातले असोत की ओडिशातले, प्रत्येक करारामागे ठरलेला वाटा द्यावा. लीग अजून नवी आहे, नियम आत्ताच घालून घेता येतील.