खिडकी धरावी की खोली?

घर विकायच्या जाहिरातीतला फोटो आठवा. दिवाणखान्यात कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत लख्ख उजेड, आणि खिडकीबाहेर आकाशही निळंशार. प्रत्यक्ष खोलीत उभं राहिलं तर असं दिसत नाही. दुपारचं ऊन खोलीतल्या उजेडाच्या शेकडो पट प्रखर असतं. डोळा आत-बाहेर फिरत जुळवून घेतो. कॅमेऱ्याला एका फोटोपुरतं एकच एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा त्याचं एकच माप, धरावं लागतं. खोली धरली तर खिडकी पांढरीफटक, खिडकी धरली तर खोली काळीकुट्ट. ‘फोटोशॉप आलं आणि ही बनवाबनवी सुरू झाली’ असं म्हटलं जातं, पण ते खरं नाही. ही तडजोड खूप जुनी आहे, आणि सावली किती काळी ठेवायची हे बहुतेक वेळा फोटो मागवणाऱ्याच्या गरजेनं ठरत आलं आहे.

१८५१ मध्ये फ्रान्सच्या ऐतिहासिक वास्तू आयोगानं पाच छायाचित्रकारांना देशभरच्या जुन्या इमारती टिपायला पाठवलं. सरकारला हवी होती नोंद: कोरीवकाम, पडझड, सगळं स्पष्ट. त्यांपैकी एदुआर बाल्दूसनं आर्ल गावातल्या सेंट-ट्रोफीम मठाची ओवरी टिपली. आत गार सावली, कमानींपलीकडे ऊन. जागा अरुंद, त्यामुळे जवळचं आणि लांबचं एकदम रेखीव येईना. त्यानं सुमारे दहा कागदी निगेटिव्ह वेगवेगळ्या घेतल्या, कापून जोडल्या आणि सांधे ब्रशनं बुजवले. आज जाणकार नजरेला ते सांधे सापडतात. तरी ही लबाडी नव्हे. मागणी होती तसाच दस्तऐवज त्यानं दिला.

आकाशाचं दुखणं निराळं होतं. त्या काळची रसायनं मुख्यतः निळ्या आणि अतिनील प्रकाशालाच प्रतिसाद देत. त्यामुळे दगड नीट येईपर्यंत आकाश जळून कोरं व्हायचं, कागदी निगेटिव्हवर तर डागाळलेलंही. ब्रह्मदेशात १८५५ मध्ये आणि पुढे मदुराई-तंजावरला काम करणाऱ्या लिनियस ट्राइपनं निगेटिव्हवर रंग लावून ढग उमटवले. मंदिराची शिखरं खरी, ढग हातचे! आपल्याकडे त्याच सुमारास कॅप्टन बिग्ज विजापूरच्या इमारती टिपत होता, आणि रॉबर्ट गिल यांचे अजिंठ्याचे फोटो १८६४ मध्ये वास्तू-इतिहासकार फर्ग्युसनच्या मजकुरासह छापले गेले. लेण्याच्या दारात ऊन आणि गाभाऱ्यात काळोख, हा पेच अजिंठ्याला गेलेल्या कुणालाही सांगायला नको.

१८९० मध्ये इंग्लंडमधल्या हर्टर आणि ड्रिफील्ड या दोन संशोधकांनी किती उजेडाला निगेटिव्ह किती काळी होते याचा आलेख मांडला. मधला भाग सरळ चढता, दोन्ही टोकं चपटी. सावल्या खालच्या टोकाला सापडल्या की त्यांतला तपशील गेला; डेव्हलपिंग कितीही लांबवलं तरी तो परत येत नाही. अंदाजाच्या जागी मोजमाप आलं.

फ्रेडरिक इव्हान्सला मात्र सगळं दाखवायचंच नव्हतं. इंग्लंडच्या कॅथीड्रलमध्ये तो हवा तसा उजेड येईपर्यंत थांबायचा, निगेटिव्हला हात लावायचा नाही, आणि प्लॅटिनमच्या कागदावर छापायचा. त्या कागदावर करड्या छटांची लांब, मऊ उतरण मिळते. वेल्स कॅथीड्रलच्या जिन्याचा १९०३ मधला त्याचा फोटो पाहिला की झिजलेल्या पायऱ्यांवर उजेड कसा चढतो ते कळतं. पहिल्या महायुद्धात प्लॅटिनम दुर्मिळ आणि महाग झालं, तसं त्यानं फोटोग्राफीच सोडली. मला हा हट्ट पटतो.

दुसऱ्या टोकाला ल्युसिएं एर्वे. १९४९ मध्ये त्यानं वास्तुकार ल कॉर्बुझिएची मार्सेमधली इमारत एका दिवसात टिपली, साडेसहाशे फोटो. ते पाहून ल कॉर्बुझिएनं त्याला आपला छायाचित्रकार केलं. पुढे चंदीगडही एर्वेनं टिपलं. त्याच्या फोटोंत सावली निव्वळ काळी, बिनतपशिलाची असते. वास्तुकाराला आकार दाखवायचा होता आणि काँक्रीटला ते मानवलंही.

लॉस एंजेलिसच्या टेकडीवरचं काचेचं घर, १९६०, हे विक्रीचं युग. ज्युलियस शुलमननं घरातले दिवे बंद ठेवून शहराच्या दिव्यांसाठी सुमारे साडेसात मिनिटं शटर उघडं ठेवलं, आणि मग त्याच फिल्मवर फ्लॅशनं दिवाणखाना उजळला. त्यात बसलेल्या दोन तरुणी आणि पायाशी पसरलेलं शहर, दोन वेगळ्या क्षणांचे उजेड एका चित्रात. फिल्म एकच म्हणून कुणी त्याला खोटं म्हटलं नाही.

१९९७ मध्ये पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक या संगणकशास्त्रज्ञांनी हेच काम गणितावर सोपवलं. स्टॅनफर्डच्या मेमोरियल चर्चचे सोळा फोटो, ३० सेकंदांपासून १/१००० सेकंदापर्यंत, दर वेळी एक्स्पोजर निम्मं. रंगीत काचेच्या एका खिडकीमागे थेट सूर्य. संगणकानं या मालिकेतूनच कॅमेऱ्याचा प्रतिसाद-आलेख काढला, म्हणजे हर्टर-ड्रिफील्डचाच वंशज, आणि प्रत्येक बिंदूचा खरा उजेड मांडला. अडचण पुढे आली: एवढा पल्ला पडद्यावर मावेना. तो दाबून बसवायची सॉफ्टवेअरं निघाली आणि त्यांतून ती कुप्रसिद्ध एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज, म्हणजे उजेड-सावलीचा मोठा पल्ला) शैली, छपरांच्या कडेला पांढरी प्रभा, ढग काजळी फासल्यासारखे. २००७ मध्ये वेगवेगळ्या एक्स्पोजरमधला चांगला भाग थेट मिसळायची पद्धत आली, तेव्हा जरा सुसह्य झालं. २०१० मध्ये आयफोनवर, २०१५ मध्ये लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये अनेक एक्स्पोजर एकत्र करायची सोय आली. व्यावसायिक छायाचित्रकार तरीही खिडकीचा थर वेगळा घेऊन मास्कनं (हवा तेवढाच भाग उघडा ठेवणाऱ्या झाकणानं) हातानं बसवतात, आणि खोलीत पुष्कळदा फ्लॅशही मारतात.