आवाजाचं इंजिन: पहिल्या फेरीनंतर वाचायचं पत्रक

खोक्यातून आवाज करणारं हे मॉडेल रेल्वेचं इंजिन काढलंत की आधी शिट्टीचं बटण दाबाल. दाबा, सगळेच दाबतात. ती हौस भागली की मग हे पत्रक हातात घ्या. "आवाज खोटा वाटतो" म्हणून आमच्याकडे परत येणाऱ्या इंजिनांत बिघाड क्वचितच सापडतो. बहुतेक वेळा मेख गाडी चालवण्याच्या पद्धतीत असते.

खरं डिझेल इंजिन थ्रॉटल दिल्यावर आधी गुरगुरतं, मग आवाज चढतो आणि त्यानंतर कुठे डबे हलतात. मॉडेलचं उलटं होतं: गाडी टुणकन पुढे जाते आणि आवाज तिच्या मागे धावतो. यावर उपाय म्हणजे सीव्ही ३ (वेग घेणं) आणि सीव्ही ४ (वेग सोडणं). सीव्ही म्हणजे डिकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग, आणि डिकोडर म्हणजे कंट्रोलरचे हुकूम ऐकून मोटर, दिवे आणि आवाज चालवणारा इंजिनातला छोटा सर्किट बोर्ड. दोन्ही आकडे ४० च्या आसपास ठेवून बघा. गाडी जड झाल्यासारखी वाटेल, आणि तेच हवं आहे. आता फलाट यायच्या बराच आधी थ्रॉटल खाली घ्यावा लागेल, पहिले दोन दिवस गाडी फलाट ओलांडून जाईलही. पण थ्रॉटल खाली येताच वाफेच्या इंजिनाची भकभक विरते आणि नुसत्या दांड्यांची खळखळ ऐकू येते, ती ऐकण्यासाठी हा त्रास सोसण्यासारखा आहे. तुमच्या डिकोडरला ब्रेकचं बटण असेल तर ते इथेच कामाला येतं.

वाफेचं इंजिन असेल तर आणखी एक तपासणी करा. मोठ्या चाकाच्या कडेला खडूचा ठिपका द्या, गाडी अगदी हळू सोडा आणि मोजा. दोन सिलिंडरच्या इंजिनाची चाकाच्या एका फेऱ्यात ४ वेळा भक् व्हायला हवी, कारण प्रत्येक सिलिंडर दोन्ही बाजूंनी वाफ सोडतो. तीन सिलिंडरच्या इंजिनाची साधारण ६ वेळा होते. मोजणी चुकत असेल तर मेळ बसवायचा सीव्ही डिकोडरच्या पुस्तिकेत असतो. जोरात धावताना हा फरक कानाला कळत नाही, पण स्टेशनातून सुटताना लगेच खटकतो.

कारखान्यातून आवाज बहुधा मोठाच ठेवून येतो. दुकानात तो छाप पाडतो, घरी तासाभरात डोकं उठवतो. आमचं मत विचाराल तर निम्म्यावर आणा. एकूण आवाजाचा सीव्ही लोकसाउंड डिकोडरमध्ये ६३, झिमो डिकोडरमध्ये २६६ आणि त्सुनामी २ डिकोडरमध्ये १२८ आहे. हा बदल प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (फक्त सेटिंग लिहिण्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या रुळावर) न करता मुख्य रुळावरच करा, म्हणजे आकडा बदलताना कानाने ठरवता येतं. शिट्टी, घंटा, इंजिन यांचे आवाज वेगवेगळे लावता येतात. शिट्टी मोठी राहू द्या, इंजिन मात्र दबकं ठेवा.

कंट्रोलरवरच्या एफ (फंक्शन) बटणांचं म्हणाल तर एफ ० म्हणजे दिवा, एवढं सगळीकडे जवळजवळ सारखं. अमेरिकन मॉडेलांत बहुधा एफ १ वर घंटा, एफ २ वर शिट्टी आणि एफ ८ वर आवाज बंद असतो. युरोपियन इंजिनांत अनेकदा एफ १ दाबल्याशिवाय इंजिन बोलतच नाही, आणि ग्राहक म्हणतात, मुकं निघालं. शिट्टी एकदा सुरू झाली की थांबत नसेल, तर कंट्रोलरवर ते बटण 'दाबून धरलं तोवरच' या प्रकारात टाका. मग लांब आणि आखूड शिट्ट्या हाताने देता येतात. अमेरिकेत रस्त्याच्या फाटकाआधी दोन लांब, एक आखूड, एक लांब अशी शिट्टी देतात, सरावाला तीच घ्या.

आवाज मध्येच तुटून इंजिन पुन्हा 'स्टार्ट' होत असेल तर आधी चाकं आणि रूळ पुसा. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं मऊ कापड पुरतं. सांध्यांवरच तुटत असेल, तर वीज साठवणारा कपॅसिटर आम्ही बसवून देतो. आवाज पत्र्यासारखा चिरका येत असेल तर स्पीकरची डबी सुटली आहे का ते पाहा. डबीशिवाय स्पीकरच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खातात. कवच उचलताना जपून, स्पीकरच्या तारा केसासारख्या बारीक असतात. त्या दोन तारा एकमेकींना टेकल्या तर डिकोडरच जळू शकतो.

सीव्ही बदलताना घोळ झालाच तर सीव्ही ८ मध्ये ८ लिहा. बहुतेक डिकोडर मूळ स्थितीत येतात, पण पत्ताही (कंट्रोलरवरून इंजिनाला हाक मारायचा क्रमांक) ३ होतो. "रीसेटनंतर इंजिन मेलं" असं वाटलं तर आधी ३ वर हाक मारून बघा.

दुरुस्तीला पाठवताना बदललेले सीव्ही कागदावर लिहून खोक्यात टाका. तपासताना आम्हालाही रीसेट करावंच लागतं.