दर फेरीत सहाच टाके का? क्रोशाच्या पहिल्या टोपीमागची भूमिती

क्रोशाची पहिली टोपी करायला घेतली की साधारण पाचव्या-सहाव्या फेरीला दोनपैकी एक गोष्ट होते. एकतर वरचा गोल आत वळून त्याची वाटी व्हायला लागते, नाहीतर कडेला झालर पडते आणि कितीही हाताने दाबला तरी तो सपाट बसतच नाही. नवीन शिकणाऱ्याला वाटतं आपला हातच चांगला नाही, आणि मग बरेच जण तिथेच सुई ठेवून देतात, नाहीतर व्हिडिओ मागे नेऊन नेऊन टाके मोजत बसतात. मला तर वाटतं खरी मजा इथेच आहे. ती वाटी आणि ती झालर दोन्ही भूमितीच्या नियमाने होतात, आणि तो नियम एकदा कळला की पॅटर्न पाठ करावा लागत नाही, कुठल्याही डोक्याची टोपी मिळेल त्या लोकरीने करता येते.

कोकणात टोपी कशाला, असं घाटावरची मंडळी विचारतात. त्यांनी जानेवारीत पहाटे पाचला दापोलीच्या स्टँडवर उभं राहून बघावं. दिवसा कितीही तापलं तरी रात्री आकाश मोकळं असतं, जमीन भराभर थंड होते, समुद्राचं पाणी मात्र तेवढं थंड होत नाही, मग जमिनीवरची गार हवा समुद्राकडे वाहायला लागते. शाळेत शिकलेले मतलई वारे ते हेच. आंब्याच्या मोहोराला हा गारवा लागतोच, पण मोटरसायकलवरून जेटीवर जाणाऱ्याच्या कानाला तो झोंबतो. नऊ वाजले की टोपी काढून खिशात. म्हणजे आपल्याला हलकी, घडी होणारी टोपी हवी, हिमालयातली जाडजूड नको.

सामान थोडंच लागतं. मध्यम जाडीची लोकर आणि ४ किंवा ४.५ मिलिमीटरची सुई. घरात आजीची तोरणं, ताटावरचे रुमाल करायची बारीक स्टीलची सुई असेल तर ती इथे चालणार नाही, ती दोऱ्यासाठी असते. शिवाय एक सेफ्टी पिन घ्या, फेरी कुठे सुरू झाली त्याची खूण म्हणून.

टाका एकच शिकायचा, मुका खांब. सुई टाक्यात घालायची, धागा ओढून बाहेर आणायचा, आता सुईवर दोन लूप झाले, परत धागा घ्यायचा आणि दोन्हींतून एकदम काढायचा, झालं. सुरुवातीला चार साखळ्यांची (साखळी म्हणजे नुसता लूपमधून काढलेला लूप) छोटी रिंग करून तिच्यात सहा मुके खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, झाले बारा. तिसऱ्या फेरीत एक साधा, एकात दोन, असं करत अठरा. चौथीत दोन साधे, एकात दोन, चोवीस. असं दर फेरीला सहा वाढत जातात. इथपर्यंत कुठलाही व्हिडिओ सांगतो. सहाच का, ते सहसा कोणी सांगत नाही.

त्यासाठी वर्तुळाची एकच गोष्ट आठवायची, परीघ म्हणजे दोन पाय (π, साधारण ३.१४) गुणिले त्रिज्या. आपण एक फेरी घातली की त्रिज्या एका टाक्याच्या उंचीएवढी वाढते. मग परीघ वाढायला हवा दोन पाय पट, म्हणजे ६.२८ टाक्यांच्या उंचीएवढा. मुका खांब जेवढा उंच, साधारण तेवढाच रुंद असतो. म्हणजे दर फेरीला ६.२८ टाके वाढले पाहिजेत. पाव टाका घालता येत नाही म्हणून सहा, आणि उरलेलं लोकर ताणून भरून काढते. हा सहा कोणी ठरवलेला नाही, तो पायमधूनच येतो!

याच हिशोबाने पुढचंही कळतं. मुक्याऐवजी खांब घेतला तर तो साधारण दुप्पट उंच असतो, म्हणजे एका फेरीत त्रिज्या दुप्पट वाढते, म्हणून खांबाच्या टोपीत दर फेरीला बारा वाढवतात. आणि सहा वाढवूनसुद्धा तुमची वाटीच होत असेल तर बहुतेक तुमचा टाका रुंदीपेक्षा उंच पडतोय, सात वाढवून बघा. झालर पडत असेल तर टाका बुटका आहे, अधूनमधून एक वाढ गाळा. हात वाईट नाही, तुमच्या हाताचा आकडा थोडा वेगळा आहे एवढंच. हो, अजून एक, दर फेरीची वाढ बरोबर आधीच्या वाढीवरच येत गेली तर गोलाचा षटकोन होतो, कोपरे अगदी स्पष्ट दिसतात, म्हणून एखाद्या फेरीत सुरुवातीला दोन-तीन साधे टाके घालून वाढ सरकवून घ्यायची.

आता वाटी आणि झालर. कार्ल फ्रीडरिश गाऊस या जर्मन गणितज्ञाने १८२७ मध्ये एक फार मोठी गोष्ट सिद्ध केली, की पृष्ठभाग वक्र आहे का आणि किती, हे त्या पृष्ठभागावर राहूनच मोजता येतं, बाहेर जाऊन बघायची गरज नाही. एक केंद्र धरायचं, पृष्ठभागावरूनच ठरावीक अंतर मोजून भोवती गोल आखायचा, आणि त्याचा परीघ दोन पाय त्रिज्येशी ताडून बघायचा. बरोबर भरला तर सपाट, कमी भरला तर चेंडूसारखा फुगीर, जास्त भरला तर झालरीचा.

हे कागदावर कोरडं वाटेल, म्हणून रत्नागिरीचं उदाहरण घेऊ. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. उत्तर ध्रुवापासून जमिनीवरून मोजलं तर अंतर येतं सुमारे ८,१०० किलोमीटर. पृथ्वी सपाट असती तर ध्रुवाभोवती एवढ्या त्रिज्येच्या गोलाचा परीघ सुमारे ५१,००० किलोमीटर भरला असता. प्रत्यक्षात रत्नागिरीच्या अक्षांशावरून सरळ पूर्वेला निघून जगाला फेरी मारून परत आलात तर प्रवास होतो फक्त ३८,३०० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर कमी पडले! आणि ते कमी पडले म्हणूनच पृथ्वी गोल मिटलेली आहे. टोपीत वाढ कमी केली की कापड आत वळतं, तेही याच कारणाने.

आमच्याकडे विणणाऱ्या बायका हे सरळ दोन वाक्यांत सांगतात, "आत वळता हा तर वाढव, झालर पडता हा तर उसव गो." गाऊसचं प्रमेय हाताने जगलेल्या बायका आहेत या, आणि त्यांच्या या ज्ञानाला गणित म्हणायला आपण कचरतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

झालरीची बाजू तर अजून भारी आहे. एकोणिसाव्या शतकात हंगेरीचा बोल्याय आणि रशियाचा लोबाचेव्हस्की या गणितज्ञांनी अशी भूमिती मांडली जिच्यात परीघ दोन पाय त्रिज्येपेक्षा नेहमी जास्तच भरतो, अतिपरवलयी म्हणजे हायपरबोलिक भूमिती. कागदावर सूत्रं होती, पण हातात धरून बघता येईल असं मॉडेल करणं कठीण, कागदाच्या पट्ट्या चिकटवून केलेली मॉडेलं फाटायची. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मूळच्या लाटव्हियाच्या गणितज्ञ डायना ताइमिना यांनी क्रोशाची सुई घेतली आणि ठरावीक प्रमाणात टाके वाढवत ही भूमिती चक्क विणली. ठरावीक प्रमाणात म्हणजे काय, तर सपाट गोलात दर फेरीला सहाची बेरीज होते आणि दहाव्या फेरीला ६० टाके होतात, पण तेच प्रत्येक टाक्यात दोन घालत गेलात तर ६, १२, २४, ४८ करत दहाव्या फेरीला ३,०७२ टाके होतात. एवढे टाके त्या छोट्या गोलाभोवती मावणार कुठे, मग ते वरखाली वळत झालर करतात. (उरलेल्या लोकरीचा हा फार छान उपयोग आहे, लहान मुलांना तर जरूर करून द्या.)

पुढे २००५ मध्ये मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्टहाइम या बहिणींनी लॉस एंजेलिसमध्ये हीच युक्ती वापरून क्रोशाचे प्रवाळ विणायला घेतले, कारण समुद्रातले बरेच जीव याच आकाराचे असतात. आपल्याकडे ओहोटीला खडपांवर पातळ हिरवं झालरीदार शेवाळ दिसतं ना, उल्वा नावाचं, ते हातात घेऊन बघा. कडेची वाढ मधल्या भागापेक्षा जास्त झाली की पान सपाट राहूच शकत नाही. थोड्या जागेत जास्त पृष्ठभाग मिळतो, म्हणजे जास्त उजेड आणि पाण्यातलं जास्त खाद्य. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत, तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सगळे प्रवाळ झालरीचे नसतात, काही नुसते गोल धोंड्यासारखे वाढतात, पण पाण्यात बघायचा योग आला तर कुठला फुगीर, कुठला झालरीचा हे ओळखायचा प्रयत्न करून बघा.

परत टोपीकडे. माप काढायचं असेल तर डोक्याभोवती टेप धरा, मोठ्या माणसाचं साधारण ५६ सेंटीमीटर भरतं. टोपी घट्ट बसावी म्हणून तीन-चार सेंटीमीटर कमी करा, ५२ धरू. आता आपल्या विणकामात १० सेंटीमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. समजा १६ बसले, तर ५२ सेंटीमीटरला ८३ टाके, आणि सहाच्या पाढ्यात बसवायचे म्हणून ८४. ८४ म्हणजे चौदा फेऱ्या, त्या झाल्या की वाढवायचं थांबवायचं. मग प्रत्येक टाक्यात एक, नुसतं गोल गोल जायचं, कापड आपोआप खाली वळून नळी होते. एकदम थांबलात तर डबीच्या झाकणासारखी कड येते, ती नको असेल तर शेवटच्या काही फेऱ्यांत एकाआड एक फेरीतच वाढवा म्हणजे डोक्यासारखा घुमट येतो. शेंड्यापासून काठापर्यंत २० सेंटीमीटर झाले की बहुतेकांचे कान झाकतात. चुकलंच तर धागा ओढा, सगळं सरसर उसवतं, कारण क्रोशात गाठ नसते, लूपमधून काढलेला लूप असतो नुसता. आणि म्हणूनच टोपी ताणतेही, धागा स्वतः फारसा ताणत नाही, वाकडे लूप सरळ होतात आणि सोडलं की परत वळतात.

ऊब मात्र धाग्याची कमी आणि हवेची जास्त असते. थांबलेली हवा उष्णता फार वाईट वाहून नेते, पाणी तिच्या वीस पटींहून जास्त वाहून नेतं. म्हणून लोकरीचं काम एवढंच, की हवा अडकवून ठेवायची. फार घट्ट विणलं तर हवेला जागा कमी, फार सैल विणलं तर वारा आरपार. किनाऱ्यावर दमट हवा आणि घाम हा वेगळा प्रश्न आहे. मेंढीची लोकर स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत ओलावा धाग्याच्या आत ओढून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही, उलट ओलावा शोषताना थोडी उष्णता सोडते. दुकानात लोकर म्हणून बहुतेक ॲक्रिलिक म्हणजे कृत्रिम धागा मिळतो, ते ओलावा जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे घाम आला की चिकचिक होते. पण ते स्वस्त आहे, मऊ आहे, पहिल्या टोपीला बिनधास्त घ्या. दिवाळीनंतर घाट उतरून धनगरांच्या मेंढ्या येतात त्यांची दख्खनी लोकर जाड आणि राठ असते, ती घोंगडीची लोकर, कपाळाला टोचेल.

शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते असं सांगितलं जातं, ते खरं नाही. मोठ्या माणसाचं डोकं शरीराच्या पृष्ठभागाच्या दहा टक्क्यांच्या आतबाहेर असतं आणि उष्णताही साधारण तेवढीच जाते. फरक एवढाच, की थंडीत हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, डोक्याच्या तेवढ्या आक्रसत नाहीत, म्हणून उघडं डोकं उष्णता सोडत राहतं. तान्ह्या बाळाचं डोकं मात्र शरीराच्या मानाने खूप मोठं असतं, त्यामुळे कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी धरून ठेवायच्या कांगारू पद्धतीतही टोपी घालतात. जन्मलेल्या बाळाचं डोकं ३५ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे वरच्याच मापाने नऊ फेऱ्या, ५४ टाके, एका दुपारचं काम. पण उकाड्यात, घरात झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर टोपडं ठेवू नका ही कळकळीची विनंती, बाळ जास्तीची उष्णता डोक्यातूनच बाहेर टाकतं आणि ते झाकलं की अंग तापतं.

अस्सल लोकरीची टोपी असेल तर ती गरम पाण्यात घालून चोळू नका. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, उष्णता आणि चोळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि टोपी आक्रसून कायमची नमदा होते. थंड पाण्यात बुडवायची, दाबून पाणी काढायचं, सावलीत पसरून वाळवायची, लटकवली तर लांबते. आणि मे महिन्यात आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या कामांत तिचीही आठवण ठेवा, कारण लोकर म्हणजे केराटिन, आपल्या केसा-नखांतलंच प्रथिन, जे फारसं कोणाला पचत नाही पण लोकर खाणाऱ्या पतंगाच्या अळ्यांना बरोबर पचतं. आपण कसर लागली म्हणतो त्यात या अळ्याही आल्या. घामट राहिलेली लोकर त्यांना जास्त आवडते. त्यामुळे धुऊन, कडक वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून द्यायची. ॲक्रिलिकच्या टोपीला हे सगळं नको, फक्त इस्त्री लावू नका.