क्विद् म्हणजे काय

शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह नाही, ते मुद्दाम. ‘क्विद्’ या लॅटिन शब्दाचा अर्थच ‘काय’ असा आहे. त्यामुळे ते वाक्य प्रश्न म्हणून वाचा, नाहीतर उत्तर म्हणून, दोन्ही चालेल. शब्दकोशाचं काम या एका अर्थावर भागतं. पण रोमन माणूस बोलताना या शब्दाला कुठे कुठे जुंपत होता ते पाहिलं, की मराठी वाचकाला त्यातली बरीचशी कामं ओळखीची वाटतात.

इसवी सनापूर्वी 35 च्या सुमारास होरेस या कवीचा उपरोधिक कवितांचा पहिला संग्रह आला. त्यातल्या नवव्या कवितेत होरेस रोमच्या ‘विया साक्रा’ या रस्त्यानं आपल्याच तंद्रीत चालला आहे. तेवढ्यात नुसता नावानं माहीत असलेला एक इसम धावत येतो, त्याचा हात धरतो आणि म्हणतो, ‘क्विद् आगिस, दुल्किस्सिमे रेरुम?’ शब्दाला शब्द लावला तर ‘काय करतोस, जगातल्या सगळ्यात गोड माणसा?’ पण होरेस काय करतोय याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. हा ‘काय म्हणताय?’ आहे. आपल्याकडे कोणी ‘काय म्हणताय?’ विचारलं तर आपण आपलं म्हणणं मांडायला बसत नाही, ‘मजेत’ म्हणून मोकळे होतो. होरेसही तेच करतो. सध्या तरी बरं चाललंय, तुझ्याही मनासारखं सगळं होवो, असं म्हणून तो चालू लागतो.

इसम काही पिच्छा सोडत नाही. तेव्हा होरेस त्याला अडवून म्हणतो, ‘नुम् क्विद् विस?’ म्हणजे ‘आणखी काही हवंय का?’ वरवर मदतीची तयारी, पण रोममध्ये ही निरोप घेण्याची ठरलेली रीत होती. प्लाउतुस या रोमन नाटककाराच्या नाटकांतली पात्रं रंगमंचावरून निघताना हेच विचारतात. आपण निघताना ‘येतो’ म्हणतो, तसलाच हा प्रकार: शब्द एक, मतलब दुसरा. त्यातला ‘नुम्’ही लक्ष देण्यासारखा आहे. लॅटिनमध्ये हो-नाहीच्या प्रश्नांना तीन वेगळी चिन्हं होती. शब्दाला ‘ने’ जोडला तर साधा प्रश्न, ‘नोन्ने’ म्हटलं तर होकाराची अपेक्षा आणि ‘नुम्’ म्हटलं तर नकाराची. ‘येतोस का?’, ‘येतोस ना?’ आणि ‘तू थोडाच येणार आहेस?’ हा फरक ज्याला जन्मापासून कळतो, त्याला हे तक्ते पाठ करायची गरज नाही. होरेसच्या प्रश्नातच ‘नाही’ हे उत्तर भरलेलं होतं. समोरचा मात्र त्याला दाद देत नाही आणि कविता त्यामुळेच पुढे ७० ओळी चालते.

याच होरेसनं ‘क्विद्’चा आणखी एक उपयोग अजरामर करून ठेवला आहे. पैशांच्या राशीवर बसूनही त्यांना हात न लावणाऱ्या कंजूष माणसाला तो टांटालुसची गोष्ट सांगायला लागतो: गळ्यापर्यंत पाण्यात उभा असूनही तहानेनं तळमळणाऱ्या टांटालुसची. कंजूष हसतो. होरेस म्हणतो, ‘क्विद् रीदेस? मूतातो नोमिने दे ते फाबुला नारातुर.’ काय हसतोस? नाव तेवढं बदल, गोष्ट तुझीच आहे.

‘काय हसतोस?’ या मराठी भाषांतरात मला एकही शब्द इकडचा तिकडे करावा लागला नाही. ‘क्विद्’ म्हणजे ‘काय’ आणि ‘रीदेस’ म्हणजे ‘हसतोस’. पण प्रश्नाचा अर्थ ‘का हसतोस?’ असा आहे. हसणं ही अकर्मक क्रिया, तिला कर्म नसतं, तरी ‘काय’ कर्माच्या जागी येऊन बसतो आणि कारण विचारतो. लॅटिनमध्ये ‘का’साठी ‘कूर’ असा स्वतंत्र शब्द होता. मग दोन शब्द कशाला? फरक सुरात आहे. ‘का रडतोस?’ म्हणणारा कदाचित जवळ घेईल. ‘काय रडतोस?’ म्हणणारा वैतागलेला आहे. त्याला कारण नकोय, रडणं थांबायला हवंय. होरेसलाही कंजुषाच्या हसण्याचं कारण नकोय.

मराठीचा आणि लॅटिनचा मूळपुरुष एकच, म्हणून हे साम्य, असं म्हणायचा मोह होतो. संस्कृतात ‘किं रोदिषि?’ आहेच, ग्रीक भाषेतही ‘काय’ हा शब्द ‘का’च्या जागी सर्रास येतो. पण जपानी भाषेकडे पाहिलं की हा तर्क डळमळतो. जपानीत ‘नानि’ म्हणजे ‘काय’ आणि ‘ओ’ हा कर्माचा प्रत्यय. रडणाऱ्याला ‘नानि ओ नाइते इरु नो?’ असं विचारलं तर त्याचा अर्थ ‘काय रडतोयस?’ असा होतो, आणि गंमत म्हणजे त्यातही तोच त्रासिक सूर असतो. जपानीचं आपल्या कुळाशी कसलंही सिद्ध नातं नाही. म्हणजे ‘काय’पासून ‘का’पर्यंतची ही वाट माणसं आपापल्या भाषेत वेगवेगळी शोधून काढतात. भाषांची तुलना करताना ही सावधगिरी फार कामाची आहे. सारखा दिसणारा वापर हा नात्याचा पुरावा नव्हे. सारखा ऐकू येणारा शब्दही नव्हे. जपानीत वाक्याच्या शेवटी ‘का’ लावला की प्रश्न होतो, मराठीतही होतो, आणि तो शंभर टक्के योगायोग आहे. उलट लॅटिन ‘देउस’ आणि संस्कृत ‘देव’ हे सख्खे, पण ग्रीक ‘थेओस’ मात्र ‘देव’ हाच अर्थ आणि तसाच नाद असूनही परका.

मग नातं ठरवायचं कशावरून? ध्वनिबदलाच्या नियमांवरून. एका ठिकाणचं साम्य उपयोगाचं नाही. तोच बदल शब्दामागून शब्दात, त्याच परिस्थितीत, न चुकता दिसावा लागतो.

युरोप आणि भारत या दोन टोकांच्या भाषांमधलं साम्य युरोपियनांच्या लक्षात आलं त्या जागांपैकी एक म्हणजे आपलं गोवं. 1579 मध्ये गोव्यात आलेले आणि पुढे मराठीत ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारे इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1583 मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात नोंदवलं की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. त्याच दशकात फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती यानं भारतातून लिहिताना सहा, सात, आठ, नऊ, देव, सर्प अशा शब्दांचं इटालियनशी असलेलं साम्य दाखवलं. संस्कृत शिकलेला ब्रिटिश न्यायाधीश विल्यम जोन्स याचं कोलकात्यातलं गाजलेलं भाषण 1786 चं, म्हणजे दोनशे वर्षांनंतरचं. श्रेय जोन्सला मिळालं, कारण या भाषांचा मूळ स्रोत एकच असावा आणि तो आता बहुधा उरलेला नाही, हा मुद्दा त्यानं जगासमोर ठासून मांडला.

त्या मूळ भाषेत ओठांचा चंबू करून उच्चारला जाणारा एक ‘क’ होता, साधारण ‘क्व’सारखा. लॅटिननं तो जवळपास तसाच सांभाळला. संस्कृतनं चंबू सोडून दिला आणि नुसता ‘क’ ठेवला: लॅटिन ‘क्विस’, संस्कृत ‘कः’, लॅटिन ‘क्वांदो’, संस्कृत ‘कदा’. पुढे मराठीत ‘कोण’, ‘केव्हा’, ‘कुठे’, ‘किती’, ‘कसा’ या सगळ्यांच्या आरंभी तोच ‘क’ आहे. पण या ‘क्व’पुढे ‘ए’ किंवा ‘इ’ आली तर संस्कृतात त्याचा ‘च’ झाला. लॅटिन ‘क्वात्तुओर’, संस्कृत ‘चत्वारः’, आपले ‘चार’. लॅटिन ‘क्वे’ म्हणजे ‘आणि’, संस्कृत ‘च’. रोममध्ये गटाराच्या झाकणांवरही ‘एसपीक्यूआर’ ही चार अक्षरं असतात. ‘सेनातुस पोपुलुस्क्वे रोमानुस’ म्हणजे रोमची सिनेट आणि जनता, असं त्यांचं पूर्ण रूप. त्यातलं ‘क्यू’ म्हणजे हा ‘क्वे’, म्हणजेच आपला ‘च’. जोडलाय तोही ‘रामो लक्ष्मणश्च’ या धर्तीवर, दुसऱ्या शब्दाच्या शेपटीला. ‘च’मधला स्वर आज ‘अ’ असला तरी कधीकाळी तिथे ‘ए’ होता, हे कोडं 1870 च्या दशकात अनेक अभ्यासकांना जवळपास एकाच वेळी सुटलं. तोवर संस्कृतचे स्वर सगळ्यात जुने, असा समज होता. इथे लॅटिनचा स्वर जुना निघाला.

आता हा नियम ‘क्विद्’ला लावून बघा. ‘क्व’पुढे ‘इ’ आहे, म्हणून संस्कृतात ‘च’ हवा. ‘क्विद्’चं संस्कृत भावंड ‘चिद्’ असायला हवं. पण संस्कृतात ‘काय’ला म्हणतात ‘किम्’. नियम चुकला?

नाही. ‘कः’, ‘कस्य’, ‘केन’ अशी घरातली बाकी सगळी रूपं ‘क’ची, म्हणून त्यांच्या संगतीत हेही ‘क’कारी झालं. असं ओढून घेणं भाषेत नेहमीचंच. जुनं ‘चिद्’ मात्र संपलं नाही. त्याची प्रश्न विचारण्याची नोकरी गेली आणि ते दुसऱ्या शब्दांना चिकटून राहिलं: कश्चित्, कदाचित्, क्वचित्, किञ्चित्. आपण ‘किंचित मीठ कमी आहे’ म्हणतो, तेव्हा त्या शब्दातला ‘चित’ हा होरेसच्या ‘क्विद्’चा सख्खा भाऊ असतो. ‘कदाचित’ आणि ‘क्वचित’मध्येही तोच. शेवटचा ‘द्’सुद्धा जुळतो, संस्कृतातल्या ‘तद्’, ‘यद्’ या नपुंसकलिंगी रूपांच्या शेवटी जो आहे, तोच तो. इंग्रजी ‘व्हॉट’ मात्र ‘क्विद्’चा नव्हे, तर ‘क्वोद्’ या दुसऱ्या लॅटिन रूपाचा भाऊ लागतो.

प्रश्न विचारणारा शब्द ‘काहीतरी’ या अर्थाकडे का घसरतो, हेही लॅटिनमध्ये उघड दिसतं. ‘सी’ म्हणजे ‘जर’. त्याच्या मागे आलेला ‘क्विद्’ प्रश्न विचारत नाही. ‘सी क्विद्’ म्हणजे ‘जर काही’. ‘सी क्वांदो’ म्हणजे ‘जर कधी’. मराठीत ‘कधी येशील?’ हा प्रश्न आहे, पण ‘कधी आलास तर भेट’ यातल्या ‘कधी’ला कोणी उत्तर देत नाही. प्रश्नात वस्तू अनोळखी असते, ‘काही’मध्येही ती अनोळखीच असते, फरक एवढाच की पहिल्या वेळी ती कळावी अशी आपली इच्छा असते.

लॅटिन शिकणाऱ्या मराठी माणसाला एकच गोष्ट खटकेल. आपल्याकडे कशी शिस्त आहे: ‘क’नं विचारायचं, ‘ज’नं जोडायचं. कोण आला, जो आला; केव्हा, जेव्हा; किती, जितका. लॅटिननं ‘ज’चं कामही ‘क्व’वरच लादलं. त्यामुळे वाक्यात ‘क्वोद्’ दिसला की तो ‘कोणतं’, ‘जे’ की ‘कारण’, हे आजूबाजूला पाहून ठरवावं लागतं. या बाबतीत मराठीची सोय मला जास्त पटते.

‘क्विद्’चं माझं सगळ्यात आवडतं रूप सिसेरो या रोमन वक्त्याच्या गद्यात भेटतं. लांबण लागत चालली, की तो म्हणतो, ‘क्विद् मुल्ता?’ म्हणजे ‘फार कशाला सांगू?’ तेरेन्सच्या ‘आंद्रिया’ नाटकात म्हातारा सिमो मुलाची हकिगत सांगता सांगता ‘क्विद् मुल्तिस मोरोर?’ म्हणून गोष्ट पुढे ढकलतो: ‘फार बोलून कशाला वेळ काढू?’ ‘मुल्तिस’ ही तिथे आपल्या तृतीयेसारखी विभक्ती आहे. आता संस्कृत ‘किं बहुना’ सोडवा: ‘किम्’ काय, ‘बहुना’ पुष्कळानं. तीच रचना, तोच उद्देश. पसायदानात ज्ञानदेव एकेक मागणं मागत येतात आणि ‘किंबहुना सर्वसुखीं’ म्हणून ते आवरतं घेतात. तिथे ‘किंबहुना’चा अर्थ अजून ‘फार काय सांगू’ असाच आहे. आजच्या अग्रलेखांत तो ‘इतकंच नव्हे तर’ किंवा ‘उलट’ असा झालाय, म्हणजे बोलणं आवरण्यासाठी जन्मलेला शब्द बोलणं वाढवायला वापरला जातो.

लॅटिन बोलीभाषा म्हणून संपल्यावरही ‘क्विद्’ला काम मिळत राहिलं. इब्न सिना या तत्त्ववेत्त्याच्या अरबी ग्रंथांची 12 व्या शतकात लॅटिन भाषांतरं झाली. अरबीत एखाद्या वस्तूच्या मूळ स्वरूपाला ‘माहिय्या’ म्हणत. हा शब्द ‘ते काय आहे?’ या प्रश्नावरूनच बनलेला. भाषांतरकारांनी त्यासाठी ‘क्विद्’ला भाववाचक प्रत्यय लावून ‘क्विद्दितास’ घडवला. मराठीत ‘कायपणा’ म्हटल्यासारखं झालं. थॉमस अ‍ॅक्विनास या मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्ववेत्त्यानं तो गंभीरपणे वापरला. पुढे इंग्रजीत त्याला ‘शब्दांचा कीस’ असाही अर्थ चिकटला, आणि शेक्सपिअरचा हॅम्लेट स्मशानातली एक कवटी वकिलाची समजून ‘कुठे गेले आता याचे हे कीस?’ अशी तिची टर उडवतो.

‘क्विद् प्रो क्वो’ हा वाक्प्रचार तर आज बातम्यांमध्येही येतो: तू मला हे दे, मी तुला ते देतो. पण त्याचा जन्म व्यवहारात झाला नाही, औषधाच्या दुकानात झाला. मध्ययुगीन युरोपात वैद्यानं लिहून दिलेली वनस्पती मिळाली नाही, तर तिच्याऐवजी कोणती चालेल याच्या याद्या असत, त्यांना हे नाव होतं: ‘कशाच्या जागी काय’. आपल्याकडे ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात याच कामासाठी प्रतिनिधी द्रव्यं सांगितली आहेत. मेदा मिळाली नाही तर शतावरी घ्या, वगैरे. बदली द्रव्य देताना गफलतही होणारच. त्या गफलतीवरून फ्रेंच आणि इटालियन लोकांनी या शब्दाचा अर्थ ‘एकाला दुसराच समजणं, घोटाळा’ असा पक्का केला. इंग्रजांनी अदलाबदलीवर भर देऊन त्याचा सौदा केला. त्यामुळे लंडनच्या वकिलानं रोममध्ये जाऊन ‘क्विद् प्रो क्वो झाला’ असं सांगितलं, तर इटालियन वकील देवाणघेवाणीचा पुरावा मागणार नाही. काहीतरी गैरसमज झालाय असं समजून तो सोडवायला बसेल.