काखेतल्या गाठी किती काढायच्या?

स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी स्तनाबाहेर पडल्या की बहुतेक वेळा आधी काखेत पोचतात. तिथे चरबीत साधारण 20 ते 30 लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) विखुरलेल्या असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी असं सगळं एकत्र काढण्याची पद्धत रूढ केली. पुढे स्नायू वाचू लागले, काख मात्र साफच केली जाई, म्हणजे तिथल्या ग्रंथी सरसकट काढल्या जात.

त्याचा त्रास जन्मभराचा. लसिकेची, म्हणजे शरीरातल्या एका पातळ द्रवाची, वाट तुटल्याने हात सुजतो, कधी शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनीही. बांगड्या रुततात, ब्लाउजची बाही चढत नाही. काखेतून जाणारी संवेदनेची नस कापली गेली तर दंडाची आतली बाजू बधिर होते. आणि हे सगळं ज्यांच्या ग्रंथींत रोग नव्हताच, त्यांच्याही वाट्याला येई.

स्तनातली लसिका आधी एकदोन ठरावीक ग्रंथींतच उतरते. या ‘सेंटिनेल’ (पहारेकरी) ग्रंथी निरोगी निघाल्या, तर पुढच्याही बहुधा निरोगीच असतात. अमेरिकन सर्जन आर्मांडो जुलियानो यांनी 1994मध्ये निळा रंग टोचून त्या शोधून दाखवल्या. त्याच सुमारास डेव्हिड क्रॅग यांनी किरणोत्सर्गी द्रव्य आणि ते कुठे साचलं हे टिपणारा गामा प्रोब वापरला. (रंगामुळे लघवी एकदोन दिवस हिरवट-निळी होते, हे आधी सांगितलं नाही तर पेशंट घाबरतोच.)

मग आणखी धाडसी प्रश्न आला: सेंटिनेल ग्रंथीत रोग सापडला तरी बाकीच्या काढायच्याच का? अमेरिकेतल्या ‘झेड-0011’ चाचणीत अशा 891 स्त्रिया होत्या. रोग एकदोन सेंटिनेल ग्रंथींपुरताच, स्तन राखून शस्त्रक्रिया आणि नंतर रेडिएशन. दहा वर्षांनी काख साफ न केलेल्यांपैकी 86.3 टक्के हयात होत्या, साफ केलेल्यांपैकी 83.6 टक्के. म्हणजे त्या मोठ्या शस्त्रक्रियेने आयुष्य वाढलं नाही. हाताला लागणाऱ्या, रोगाने भरलेल्या गाठींची गोष्ट अर्थातच वेगळी.

गामा प्रोब आणि किरणोत्सर्गी द्रव्य आपल्याकडे सगळीकडे कुठे मिळतं? मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या सर्जननी एक साधा मार्ग तपासला. दंडाकडे जाणाऱ्या त्याच नसेची खूण धरायची आणि तिच्या खालची चरबी ग्रंथींसकट काढून तपासायची. त्यांच्या अभ्यासात ही पद्धत सेंटिनेल तपासणीच्या तोडीची ठरली. यात ग्रंथी थोड्या जास्त निघतात हे खरं, पण तालुक्याच्या गावी सरसकट काख साफ करण्यापेक्षा मला ती केव्हाही बरी वाटते.