लाखीश पडले, यरुशलेम वाचले : इ. स. पू. ७०१ची मोहीम आणि तिचे साक्षीदार

इ. स. पू. ७०१ मध्ये असिरियाचा सम्राट सन्हेरीब आपली फौज घेऊन यहूदाच्या डोंगराळ राज्यावर चालून गेला. त्याने गावे जाळली, लाखीश हे तटबंदीचे शहर घेतले आणि राजा हिज्कीयाला राजधानी यरुशलेममध्ये कोंडले. पण यरुशलेम त्याच्या हाती लागले नाही. प्राचीन इस्राएली लोकांच्या इतिहासात इतके विविध पुरावे मागे ठेवून गेलेली दुसरी घटना क्वचितच सापडेल. बायबलमध्ये ती ‘राजे’, ‘इतिहास’ आणि ‘यशया’ अशा तीन ग्रंथांत येते, सन्हेरीबाच्या दरबाराने ती मातीच्या लेखांत आणि दगडी शिल्पपटांत नोंदवली आणि लाखीशच्या राखेच्या थराखाली तिचे अवशेष जसेच्या तसे राहिले. बायबलची परंपरा इतिहास कसा सांगते हे पाहायचे असेल, तर माझ्या मते सुरुवात अब्राहाम किंवा मोशे यांच्यापासून न करता येथून करावी, कारण येथे तिचा शब्द दुसऱ्या कोणाच्या तरी शब्दाशी ताडून पाहता येतो.

परंपरेने सांगितलेली मूळ कथा बरीच मागे जाते. अब्राहाम, इसहाक आणि याकोब हे कुलपिता, मिसर देशातील गुलामगिरी, मोशेच्या नेतृत्वाखालील सुटका, कनान देशाचा ताबा, दावीद आणि शलमोन यांचे एकत्र राज्य, मग उत्तरेचे इस्राएल आणि दक्षिणेचे यहूदा अशी फाळणी, असा तो क्रम आहे. यातील पहिल्या टप्प्यांना बाहेरचा थेट पुरावा मिळालेला नाही. ‘इस्राएल’ हे नाव सर्वप्रथम येते ते इजिप्तचा राजा मेर्नेप्ताह याच्या इ. स. पू. १२०८च्या सुमाराच्या विजयलेखात, आणि तेथे नावाशेजारी कोरलेले चिन्ह प्रदेशाचे नसून लोकसमूहाचे आहे; म्हणजे त्या काळी या नावाचे लोक कनानमध्ये होते, एवढे त्यावरून निश्चित होते. त्यानंतरच्या शतकांत कनानच्या मध्य डोंगररांगांवर लहान लहान, तटबंदी नसलेली शेकडो खेडी उभी राहिली. त्यांतील मातीची भांडी आधीच्या कनानी भांड्यांच्या घडणीतून आलेली दिसतात, आणि डुकराची हाडे मात्र तेथे जवळजवळ सापडत नाहीत. म्हणूनच आज बहुतेक पुरातत्त्वज्ञ असे मानतात की हे लोक मोठ्या संख्येने बाहेरून चाल करून आले नसून बव्हंशी कनानी समाजातूनच घडले. दावीदाच्या घराण्याचा उल्लेख १९९३ साली उत्तर इस्राएलमधील तेल दान येथे मिळालेल्या अरामी शिलालेखात आहे, आणि तो इ. स. पू. नवव्या शतकातला आहे. त्याच शतकापासून असिरियन लेखांत इस्राएलचे अहाब, येहू यांसारखे राजे नावानिशी दिसू लागतात, आणि बायबलमधील राजांच्या क्रमाला बाहेरचा आधार मिळतो.

इ. स. पू. ७२०च्या आसपास असिरियाने उत्तरेचे राज्य संपवले. सार्गोन दुसरा या सम्राटाने त्या राज्याची राजधानी शोमरोन येथून सत्तावीस हजारांहून अधिक लोक पकडून नेल्याचा दावा केला आहे. त्याच सुमारास यरुशलेम अचानक कित्येक पटींनी वाढले, आणि या वाढीचे एक कारण उत्तरेतून आलेले निर्वासित असावेत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. इ. स. पू. ७०५ मध्ये सार्गोन रणांगणावर मारला गेला. बाबेलपासून भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत मांडलिकांनी डोके वर काढले. हिज्कीयानेही खंडणी थांबवली. नवा सम्राट सन्हेरीब आधी बाबेलकडे वळला, त्यामुळे यहूदाला तयारीसाठी काही वर्षे मिळाली.

त्या तयारीच्या खुणा आजही उभ्या आहेत. यरुशलेमच्या पश्चिम टेकडीवर नाहमान अविगाद यांनी १९७०च्या सुमारास सुमारे सात मीटर रुंदीची एक भिंत उकरून काढली. ती बांधताना तिच्या वाटेतील राहती घरे पाडलेली होती. यशयाच्या बाविसाव्या अध्यायात संदेष्टा यरुशलेमकरांना सुनावतो की तुम्ही शहरातली घरे मोजली आणि तट मजबूत करण्यासाठी ती पाडली. हे वाक्य वाचून मग त्या भिंतीखालचे पाये पाहिले, की पुरावा आणि ग्रंथ एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात ते कळते.

तयारीचा दुसरा भाग पाण्याचा होता. शहराचा मुख्य झरा गीहोन तटाच्या खाली, पूर्वेच्या दरीत होता. वेढा पडला की तो शत्रूच्या हाती जाण्याची भीती. हिज्कीयाने जलाशय आणि पाट करून पाणी नगरात आणले, असे ‘राजे’ सांगतो, आणि तो प्रवाह त्याने दावीदनगराच्या, म्हणजे यरुशलेमच्या सर्वांत जुन्या वस्तीच्या, पश्चिमेस नेला, अशी भर ‘इतिहास’ घालतो. शिलोहचे भुयार म्हणून ओळखला जाणारा ५३३ मीटर लांबीचा बोगदा आजही झऱ्याचे पाणी वाहून नेतो. त्याच्या दोन टोकांतील सरळ अंतर जेमतेम सव्वातीनशे मीटर असताना तो नागमोडी वळणे घेत जातो, आणि एवढ्या लांबीत त्याचा उतार केवळ तीस सेंटिमीटरच्या आसपास आहे. तो दोन्ही टोकांकडून एकाच वेळी खोदला गेला, हे १८८० मध्ये त्याच्या भिंतीवर सापडलेल्या प्राचीन हिब्रू लेखावरून कळते. तीन हात खडक शिल्लक असताना पलीकडच्या माणसांच्या हाका ऐकू आल्या, खोदणाऱ्यांनी टिकावासमोर टिकाव चालवला आणि झऱ्याचे पाणी बाराशे हात वाहून तलावात गेले, असे त्यात म्हटले आहे. त्या लेखात राजाचे नाव नाही, देवाचेही नाही. जे काम झाले, ते ज्यांनी केले त्यांच्याच दृष्टीने तेथे सांगितले आहे. (पुढे चोरांनी तो लेख खडकातून कापून काढला, तो परत मिळवण्यात आला, आणि यरुशलेम तेव्हा उस्मानी साम्राज्यात असल्यामुळे आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे.)

लेखात नाव नसल्यामुळे भुयार हिज्कीयाचेच कशावरून, हा प्रश्न राहिला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आमोस फ्रुमकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन स्वतंत्र घड्याळे वापरली आणि २००३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. भुयाराला आतून लावलेल्या प्राचीन गिलाव्यात वनस्पतींचे बारीक तुकडे अडकलेले होते. वनस्पती मेली की तिच्यातील किरणोत्सर्गी कार्बन ठरावीक गतीने घटू लागतो, त्यामुळे उरलेल्या कार्बनवरून ती केव्हा मेली हे काढता येते. म्हणजे गिलावा त्यापूर्वीचा असू शकत नाही. दुसरे घड्याळ छतावर वाढलेल्या चुनखडीच्या लवणस्तंभांचे. पाण्यात युरेनियम विरघळते, थोरियम जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे लवणस्तंभाचा थर बसतो तेव्हा त्यात युरेनियम असते आणि थोरियम नगण्य असते. पुढे युरेनियमच्या क्षयातून थोरियम साचत जाते, आणि त्याच्या प्रमाणावरून थराचे वय काढता येते. भुयार खोदल्यावरच त्याच्या छतावर लवणस्तंभ वाढू शकतात, म्हणून त्यांचे वय भुयाराच्या वयाची खालची मर्यादा ठरवते. दोन्ही मोजमापांचा मेळ इ. स. पू. ७००च्या आसपास बसतो. काही उत्खननकार भुयाराचा आरंभ आणखी काही दशके मागे नेतात, आणि एवढे खोदकाम वेढ्याच्या धाकाखाली घाईने उरकता आले असते का, ही त्यांची शंका रास्त आहे. तरी ग्रंथाने सांगितलेला काळ आणि खडकाने सांगितलेला काळ यांत फार अंतर नाही, एवढे ठामपणे म्हणता येते.

तिसरी खूण रांजणांची आहे. यहूदाच्या प्रदेशात रांजणांच्या कानांवर उमटवलेले दोन हजारांहून अधिक ठसे मिळाले आहेत. त्यांवर चार पंखांचा भुंगा किंवा पंख असलेले सूर्यबिंब, वर ‘राजासाठी’ असा शब्द आणि खाली चार गावांपैकी एकाचे नाव असते. मातीच्या रासायनिक तपासणीत हे रांजण बहुतांशी पायथ्याकडील एकाच पट्ट्यातील मातीचे असल्याचे आढळले, म्हणजे त्यांच्यामागे एकवटलेली राजकीय व्यवस्था होती. या कानांचा एक अनपेक्षित उपयोगही झाला. भांडे भट्टीतून निघून थंड होताना त्यातील लोहखनिजांचे कण त्या क्षणीच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता नोंदवून ठेवतात, आणि ठशांमुळे या कानांचा काळ बऱ्यापैकी नेमका ठाऊक असतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ६७ कानांवरून सहा शतकांचा चुंबकीय आलेख काढण्यात आला, आणि इ. स. पू. आठव्या शतकाच्या अखेरीस ते क्षेत्र आजच्यापेक्षा कितीतरी अधिक तीव्र झाले होते, असे दिसून आले. हिज्कीयाच्या कोठारातले रांजण आज भूभौतिकशास्त्राला उपयोगी पडतात, ही मला या साऱ्या शोधातली विशेष आनंदाची गोष्ट वाटते.

या रांजणांचा काळ पक्का करण्यात मोठा वाटा लाखीशचा आहे. यरुशलेमच्या नैऋत्येला असलेले हे यहूदाचे दुसऱ्या क्रमांकाचे शहर १९३०च्या दशकात जेम्स स्टार्की यांनी आणि १९७३ पासून दाविद उसिश्किन यांनी खोदले. जळून कोसळलेल्या घरांच्या एका थरात ठशांचे शेकडो कान मिळाले. शहराच्या नैऋत्य कोपऱ्यात हजारो टन धोंडे रचून तटापर्यंत चढवलेला असिरियन दमदमा आजही दिसतो. आतल्या बाजूला रहिवाशांनी त्याच्या उत्तरादाखल मातीचा उंच भराव घातला होता. तेथे लोखंडी बाणांची टोके शेकड्यांनी मिळाली, गोटीव गोफणगुंडे मिळाले, आणि लोखंडी साखळीचा एक तुकडा मिळाला, जो तट फोडणाऱ्या यंत्राचे टोक अडकवून वर खेचण्यासाठी वापरला असावा. जवळच्या गुहांत सुमारे दीड हजार माणसांची हाडे एकत्र टाकलेली आढळली.

हाच प्रसंग सन्हेरीबाने निनवे या आपल्या राजधानीतील राजवाड्यात भिंतभर कोरून घेतला. ऑस्टेन लेयार्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ती शिल्पे शोधली, आणि आता ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. दमदम्यावरून यंत्रे वर चढत आहेत, तटावरून पेटते पलिते पडत आहेत, आणि यंत्राला आग लागू नये म्हणून एक सैनिक लांब दांड्याच्या पळीने त्याच्या तोंडावर पाणी ओतत आहे. बाजूला दरवाजातून कुटुंबे बाहेर पडतात: बैलगाडीवर बांधलेली गाठोडी, त्यांवर बसलेल्या बायका आणि मुले, पुढे चालणारा पुरुष. काही जणांना सुळांवर चढवलेले आहे. टेकाडावर सिंहासनावर बसलेल्या राजाजवळच्या लेखात लाखीशची लूट त्याच्यासमोरून गेल्याचे लिहिले आहे. बायबलला मात्र लाखीशच्या पाडावाचे वर्णन करावेसे वाटले नाही. हिज्कीयाने खंडणी पाठवली ती सन्हेरीब लाखीशला असताना, आणि तेथूनच त्याचे सरदार यरुशलेमकडे निघाले, एवढाच त्या शहराचा उल्लेख येतो. ज्याला जे मिरवता आले ते त्याने विस्ताराने सांगितले. राजधानी घेता आली असती, तर सन्हेरीबाने भिंतीवर लाखीशऐवजी तीच कोरली असती, असे मला वाटते.

सन्हेरीबाचा लेख म्हणतो की त्याने हिज्कीयाची ४६ तटबंदीची शहरे घेतली, २,००,१५० माणसे बाहेर काढली आणि हिज्कीयाला यरुशलेममध्ये ‘पिंजऱ्यातल्या पक्ष्याप्रमाणे’ कोंडले. शहर घेतल्याचे तो म्हणत नाही. माणसांचा आकडा त्या काळच्या यहूदाच्या लोकसंख्येविषयीच्या अंदाजांहूनही मोठा आहे. नंतर हिज्कीयाने ३० किक्कार सोने आणि ८०० किक्कार रुपे निनवेला पाठवले, असे तो सांगतो. ‘राजे’ ग्रंथात सोने तेच, ३० किक्कार. रुपे मात्र ३००. एक किक्कार म्हणजे सुमारे तीस किलो. परस्परांच्या शत्रूंनी लिहिलेल्या दोन दस्तांत सोन्याचा आकडा तंतोतंत जुळावा, हे ग्रंथाच्या लेखकांपाशी दरबारी नोंदी असल्याचे लक्षण मानले जाते. पण त्याच ग्रंथात पुढे परमेश्वराच्या दूताने एका रात्रीत असिरियन छावणीतील १,८५,००० माणसे मारल्याचेही येते, ज्याची नोंद असिरियन लेखांत नाही. विशेष म्हणजे खंडणीची ती तीन वचने यशयाच्या समांतर वृत्तांतातून गळलेली आहेत आणि ‘इतिहास’ ग्रंथातही नाहीत. मंदिराच्या दारांवरचे सोने खरवडून शत्रूला देणारा राजा पुढच्या पिढ्यांना सांगवेना. त्यांना देवाने वाचवलेले नगर सांगायचे होते. ‘राजे’ने दोन्ही वृत्तांत एकापुढे एक ठेवले, आणि आपल्या सुदैवाने त्यांच्यातील विसंगती झाकली नाही.

हीच पद्धत त्या प्रकरणाच्या अखेरीलाही दिसते. सन्हेरीब परतला, निनवेत राहिला आणि देवळात पूजा करीत असताना अद्रम्मेलेक आणि शरेसर या त्याच्या मुलांनी त्याला ठार केले, असे ग्रंथ एका दमात सांगतो. प्रत्यक्षात परतणे आणि मृत्यू यांत वीस वर्षे गेली, कारण खून इ. स. पू. ६८१ मध्ये झाला. नाव मात्र पूर्णपणे कल्पनेतले नाही. सिमो पारपोला यांनी १९८० मध्ये एका तुटक्या असिरियन पत्राचा अर्थ लावून दाखवले की कटाचा म्होरक्या सम्राटाचा मुलगा अर्दा-मुलिस्सु होता. अद्रम्मेलेक हे त्याच नावाचे हिब्रू कानांवर पडून बदललेले रूप आहे. त्या पत्रानुसार कटाची खबर द्यायला आलेल्या माणसाचे तोंड झाकून त्याला आत नेले, तो राजापुढे आहे असे त्याला भासवले, आणि तुझा मुलगा तुला मारणार आहे असे तो बोलून गेल्यावर तोंडावरचे कापड काढून त्याला मारून टाकले. ज्यांच्यापुढे तो बोलला होता, ते कटातलेच होते.