घराची आवराआवर (इंदूर)

घराची आवराआवर : घरात साठलेल्या वस्तूंतून लागतील तेवढ्या ठेवून उरलेल्यांना वापरणाऱ्याच्या हाती, मोडीत, भंगारात किंवा कचऱ्यात वाट करून देण्याची रीत. रोजच्या झाडलोटीत धूळ बाहेर जाते, आवराआवरीत वस्तू. इंदूरच्या मराठी घरांत तिचा मुख्य हंगाम नवरात्राच्या आधी सुरू होतो आणि दिवाळीला संपतो. पावसाळ्यात ओल धरलेल्या गाद्या, पांघरुणे आणि पुस्तके ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवर न्यावीच लागतात. कसर किंवा वाळवी लागली असेल तर ती तेव्हाच दिसते, आणि एकदा खाली उतरवलेले सगळेच परत माळ्यावर चढवावे का, हा प्रश्नही तेव्हाच पडतो. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी पुजण्याची आणि मध्यरात्री सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर घालवण्याची जुनी चाल याच दिवसांतली आहे.

या घरांत वस्तू एवढ्या का साठल्या, हे समजून न घेता आवरायला बसणे म्हणजे वडीलधाऱ्यांवर अन्याय करणे आहे. 1818 च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाले. दरबार, कचेऱ्या आणि शाळांच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे इथेच स्थायिक झाली. रामबाग, नारायण बाग या जुन्या भागांतल्या घरांना माळा, भिंतीतली फडताळे आणि कोठीची खोली असे. उन्हाळ्यात वर्षाचा माळवी गहू भरायचा, पापड-कुरडया वाळवून डब्यांत ठेवायच्या, लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधायचे. घरच्याच पंगतीला पुरतील एवढी ताटे-वाट्या हव्यात, महाराष्ट्रातून येऊन महिनाभर राहणाऱ्या पाहुण्यांसाठी अंथरुणांची चळत हवी. यातली एकही वस्तू अडगळ नव्हती, प्रत्येकीला काम होते. पुढे वाडे पडले, कुटुंब सुदामा नगरातल्या लहान घरात किंवा विजय नगरकडच्या फ्लॅटमध्ये गेले, मुले पुण्या-बेंगळुरूला गेली, पीठ पाच किलोच्या पिशवीतून येऊ लागले. काम गेले, वस्तू मात्र सोबत आल्या. गव्हाच्या रिकाम्या कोठीत आता जुन्या चादरी आणि बंद पडलेला मिक्सर असतो.

पितळेचे उदाहरण बोलके आहे. कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून भांड्यांना वरचेवर कल्हई लावावी लागते. कल्हईवाला दारावर येईनासा झाला आणि पातेली, गंज, पराती माळ्यावर गेल्या. स्टीलच्या भांड्यांची अडचण वेगळी असते. लग्नामुंजीत आहेर आलेल्या डब्यावर, पातेल्यावर दुकानदार छोट्या यंत्राने टिंबाटिंबांची अक्षरे उमटवून देतो : देणाऱ्याचे नाव, ‘विवाहाप्रीत्यर्थ’ किंवा ‘मुंजीप्रीत्यर्थ’, आणि खाली तारीख. काठाशी कोरलेली ती ओळ घासून घासून पुसट होते, पण बोटाला लागतच राहते. डबा चेपलेला, झाकण हरवलेले, तरी तो जात नाही, कारण त्यावर आत्याचे नाव आहे. अशा भांड्यांतले एखादे रोजच्या वापरात आणून बाकीची देणे हा मार्ग अनेक घरांना पटतो. माळ्यावरच्या बारा डब्यांपेक्षा रोज हाताला लागणाऱ्या एका डब्यात आत्या जास्त असते.

आपल्या मालकीच्या वस्तूचे मोल माणसाला बाजारभावापेक्षा जास्त वाटते, हे अर्थशास्त्रात प्रयोगांनी दाखवलेले आहे. कानेमन, नेच आणि थेलर यांच्या 1990 च्या प्रसिद्ध प्रयोगात, ज्यांना साधा मग दिला होता त्यांनी तो विकायला सांगितलेली किंमत ही घेणाऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या सुमारे दुप्पट होती. मात्र मराठी घरातले ‘टाकवत नाही’ केवळ मालकीतून येत नाही. चांगली वस्तू वाया जाईल ही भीती त्यामागे असते, आणि ती भीती रास्त आहे. ती समजुतीने जात नाही. वस्तू कुणाच्या तरी उपयोगी पडणार आहे हे दिसले की जाते. म्हणूनच आवराआवर सुरू करताना आधी ‘हे कुठे जाईल’ ते ठरवावे, ‘काय काढायचे’ ते नंतर.

या बाबतीत इंदूरचा रहिवासी इतर अनेक शहरांतल्या लोकांपेक्षा सुदैवी आहे. स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर 2017 पासून सलग पहिले आले (2023 मध्ये सुरतबरोबर विभागून), आणि 2024-25 मध्ये ‘सुपर स्वच्छ लीग’ या वेगळ्या गटात अव्वल ठरले. घरोघर येणाऱ्या गाडीत ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी आणि घरगुती घातक अशा सहा प्रकारच्या कचऱ्यासाठी वेगळे कप्पे असतात. मुदत संपलेली औषधे, फुटका थर्मामीटर, जुने चार्जर, सुकलेले रंगाचे डबे या वस्तू नेमक्या कुठे टाकाव्यात हे न कळल्यामुळेच वर्षानुवर्षे खणात पडून राहतात. इथे त्यांना दारातच जागा आहे. वापरण्याजोगे कपडे, खेळणी, पुस्तके घेणारी ‘आर-आर-आर’ (रिड्यूस, रीयूज, रिसायकल) केंद्रे केंद्र सरकारच्या मोहिमेत मे 2023 पासून देशभर सुरू झाली. जुन्या वाटाही आहेतच. तांब्यापितळेची मोड वजनावर घेणारी दुकाने राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात आहेत, रद्दी-लोखंड अटालेवाला, म्हणजे भंगारवाला, नेतो. मऊ झालेल्या लुगड्यांची गोधडी किंवा बाळासाठी दुपटे शिवणे हा तर सर्वांत सुंदर निचरा. खऱ्या जरीची साडी मात्र जरीचे वजन-मोल करून घेतल्याशिवाय बोहारणीला देऊ नये. आणि ठेवायची असेल तर वर्षातून एकदोनदा घडी बदलावी, नाहीतर ती घडीवर फाटते.

किती ठेवावे याचे जुने शहाणपण ‘अपरिग्रह’, म्हणजे गरजेपेक्षा जास्त न साठवणे, या कल्पनेत आहे. पतंजलींच्या पाच यमांत तो येतो. जैन श्रावकाच्या पाच अणुव्रतांतले शेवटचे, परिग्रहपरिमाण, तर गृहस्थासाठीच आहे : संग्रहाची मर्यादा आधीच ठरवून घेणे. जैन शेजार लाभलेल्या इंदूरकरांना हे व्रत ऐकून माहीत असते, आणि आवराआवरीला ते तंतोतंत लागू पडते. पुस्तकांना एक कपाट, पाहुण्यांच्या अंथरुणांना एक पलंगपेटी असे आधी ठरवावे. नवे आले की त्यातूनच जुने निघते. दुसरा धडा इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यांतून घरी आलेला आहे. तिथे काम करणाऱ्यांना जपानी ‘फाइव्ह एस’ पद्धत पाठ असते : सेइरी म्हणजे नको ते वेगळे काढणे, सेइतोन म्हणजे हवे त्याला जागा नेमणे, मग सेइसो, सेइकेत्सु आणि शित्सुके, म्हणजे स्वच्छता, एकसारखेपणा आणि शिस्त. पहिले दोन क्रम उलटले की फसगत होते. आधी डबे आणि कप्प्यांचे खोके विकत आणणारी घरे नको असलेलेच नीट लावून ठेवतात.

मन शांत होते का? 2010 साली प्रसिद्ध झालेल्या लॉस एंजेलिसच्या अभ्यासात 60 नोकरदार पती-पत्नींनी स्वतःच्या घराचे वर्णन केले. घर पसरलेले, अर्धवट आहे असे बोलणाऱ्या स्त्रियांत कॉर्टिसोल या ताणाशी निगडित संप्रेरकाची दिवसभरातली उतरण कमी आढळली. पसाराच ताणाचे कारण आहे असे यातून सिद्ध होत नाही, पण घर कुणाला जास्त जड जाते ते दिसते. आवरण्याचे कामही एकट्या बाईच्या गळ्यात पडू नये, ही अपेक्षा त्यातूनच येते. याउलट, निरुपयोगी वस्तूही सोडताना असह्य त्रास होणे आणि त्यामुळे घरात वावरता न येणे हा 2013 पासून मानसोपचाराच्या अमेरिकी वर्गीकरणात स्वतंत्र विकार मानला जातो. अशा माणसाचे घर त्याच्यामागे रिकामे केल्याने त्याचा त्रास वाढतो. त्याला मानसोपचारतज्ज्ञाची मदत लागते.

आजी-आजोबांच्या वस्तूंना त्यांच्या संमतीशिवाय हात लावू नये. ते गावाला गेले असताना खोली आवरून ‘सरप्राइज’ देणे हा क्रूरपणा आहे. त्यांच्यासोबत बसून एकेक वस्तू हातात घ्यावी. वेळ जातो, पण घराचा इतिहास तेव्हाच कळतो.

कागदांची घाई तर कधीच करू नये. इंदूरच्या जुन्या मराठी घरांत होळकर राज्याच्या काळातले मोडी कागद, सनदा, पत्रे आणि वंशावळी निघू शकतात, आणि मोडी न वाचता येणाऱ्या पिढीला ते रद्दीसारखे दिसतात. इतिहासाचार्य राजवाडे यांनी घरोघर हिंडून अशीच दप्तरे गोळा केली, आणि 1910 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात अशा कागदांचा मोठा संग्रह आहे. मोडी अक्षर दिसले की गठ्ठा बाजूला ठेवून जाणकाराला दाखवावा. ओलसर कागद ओढून सोडवू नयेत, सावलीत वाऱ्यावर वाळू द्यावेत. फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये.